रस्ता, वाहन आणि प्रतिज्ञा : सुरतेच्या इतिहासातून एक विचार



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्या गुरुजींचा मी सहकारी नव्हतो आणि विद्यार्थीही नव्हतो. पण शाळेसमोरच्या याच रस्त्याने महाविद्यालयात जाता-येता मी त्यांना अनेक वर्षे पाहिले. ते सायकलवरून येत. शाळेचे फाटक पन्नासेक पावलांवर राहिले की ते खाली उतरत आणि सायकल हाताने ढकलीत मुलांच्या गर्दीतून आत जात. संध्याकाळी शाळा सुटल्यावरही तेवढे अंतर चालून गेल्याखेरीज ते सायकलवर बसत नसत. पाऊस असो की घंटा होऊन गेलेली असो, या क्रमात कधी बदल झाला नाही. तसा नियम शाळेने केलेला नव्हता, सरकारने तर नव्हताच नव्हता. एकदा मी त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, ‘मुले पुढे पाहत नाहीत, म्हणून मला पाहावे लागते.’ एवढे बोलून ते वर्गावर निघून गेले.

आपल्या संस्थेचे निमंत्रण आले तेव्हा पत्रात ‘ऐतिहासिक विषय असावा’ अशी सूचना होती. मराठी माणसाने सुरतेच्या इतिहासावर बोलायचे म्हणजे १६६४ आणि १६७० ही दोन साले श्रोत्यांच्या मनात आधीच हजर असतात. त्या सालांचा अभिमान आपण पुष्कळ बाळगला आहे. आज मला याच शहराचा एक निराळा, काहीसा दुर्लक्षित वारसा आपल्यापुढे मांडायचा आहे. तो आहे प्रतिज्ञांचा. आणि त्या वारशाच्या आधारे, दर जानेवारीत शाळाशाळांतून जी रस्तासुरक्षेची प्रतिज्ञा घेतली जाते, तिचे पुढे काय होते, हा प्रश्न विचारायचा आहे.

१

प्रश्न कशामुळे पडला, ते आधी सांगतो.

रस्तासुरक्षेचा सप्ताह आपल्या देशात पूर्वीपासून पाळला जात असे. २०२१ साली प्रथमच त्याचा महिना झाला. १८ जानेवारी रोजी राष्ट्रीय रस्तासुरक्षा महिन्याचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या सुरत जिल्ह्यात, कोसंब्याजवळ, किम–मांडवी रस्त्यावर पालोद गावाशी, उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीशी टक्कर होऊन ताबा सुटलेला एक डंपर रस्त्याच्या कडेला झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गेला. पंधरा माणसे मेली. बहुतेक राजस्थानातून पोटासाठी आलेली होती. महिन्याचा पहिला दिवस अजून पुरता मावळलाही नव्हता.

त्या डंपरच्या चालकाने किंवा ट्रॅक्टरवाल्याने कधी अशी प्रतिज्ञा घेतली होती की नाही, हे शोधण्यात अर्थ नाही. मला बोचले ते वेगळेच. त्या दिवशी देशभर किती हात पुढे झाले असतील आणि किती तोंडांनी तेच शब्द म्हटले असतील. आणि त्या शब्दांचे आणि त्या रात्रीच्या रस्त्याचे एकमेकांशी काही नातेच नव्हते! २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. दिवसाची सरासरी काढली तर चारशे साठाच्या वर माणसे होतात. रोज दहा-अकरा वर्ग भरतील एवढी ही संख्या आहे.

२

मी भाषेचा माणूस, तेव्हा शब्दापासून सुरुवात करतो. व्यवहारात आपण शपथ, प्रतिज्ञा आणि संकल्प हे तीन शब्द एकाच अर्थी वापरतो. वस्तुतः त्यांत अंतर आहे.

‘शपथ’ हा शब्द ‘शप्’ या धातूपासून आला. शाप हा त्याचाच भाऊ. शपथ घेणे म्हणजे ‘हे खोटे ठरले तर माझे वाईट होवो’ असा शाप स्वतःलाच देणे होय. म्हणून शपथेत भीती असते. ‘प्रतिज्ञा’ या शब्दाला न्यायशास्त्रात एक नेमका अर्थ आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही अनुमानाची पाच अंगे. त्यांत प्रतिज्ञा हे केवळ पहिले अंग, म्हणजे पुढे जे सिद्ध करून दाखवायचे त्याचे विधान. प्रतिज्ञा केली म्हणजे काम संपले असे नैयायिक कधीच म्हणणार नाही. तो म्हणेल, आता कुठे सुरू झाले.

आणि ‘संकल्प’? घरात पूजा होते तेव्हा गुरुजी संकल्प सोडायला सांगतात, तो आठवा. तेथे आधी देशकालाचा उच्चार होतो. कोणत्या प्रदेशात, कोणत्या नदीच्या तीरी, कोणत्या संवत्सरात, कोणत्या तिथीला, कोणत्या गोत्राचा, कोणत्या नावाचा माणूस कोणते कर्म करणार आहे, हे सर्व सांगून मगच हातावरून पाणी सोडतात. आपले पूर्वज भाबडे नव्हते. ज्याला स्थळ नाही, वेळ नाही आणि कर्त्याचे नाव नाही, असा निश्चय वाऱ्यावर जातो, हे त्यांना ठाऊक होते. ‘मी वाहतुकीचे नियम पाळीन’ या वाक्यात स्थळही नाही आणि वेळही नाही. आणि शंभर मुले एका सुरात म्हणतात तेव्हा त्यातला ‘मी’ही हरवून जातो.

३

आता सुरतेकडे वळू. या शहराने आणि जिल्ह्याने निदान तीन मोठे निश्चय पाहिले आहेत, आणि प्रत्येकाने आपल्याला काहीतरी शिकवले आहे.

पहिला १८४४ सालचा. मराठीचे आद्य व्याकरणकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते दादोबा पांडुरंग तर्खडकर त्या काळी सुरतेत शिक्षक होते. त्यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध होऊन गेले होते. सुरतेत त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहता या निर्भय गुजराती शिक्षकाशी पडली आणि २२ जून १८४४ रोजी ‘मानवधर्मसभा’ स्थापन झाली. एक मराठी पंतोजी आणि एक गुजराती मेहताजी यांनी मिळून पाया घातलेली ही सभा गुजरातेतील समाजसुधारणेच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी होय. जातिभेद, मूर्तिपूजा आणि अंधश्रद्धा यांवर ही मंडळी उघड बोलत. मंत्रतंत्राचा धंदा करणाऱ्यांना त्यांनी जाहीर आव्हान दिले. पुढे दादोबा मुंबईस गेले आणि तेथे १८४९ साली ‘परमहंस मंडळी’ निघाली. जातिभेद मानणार नाही अशी प्रतिज्ञा तिच्या प्रत्येक सभासदाला करावी लागे. पण मंडळीचा सारा व्यवहार गुप्त होता. १८६०च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली तेव्हा एकच गवगवा झाला आणि मंडळी पांगली. माणसे थोर होती आणि विचार काळाच्या पुढचा होता. पण चार लोकांच्या देखत पाळायची सवय ज्या प्रतिज्ञेला लागलेली नव्हती, तिला उजेड सोसला नाही.

दुसरा निश्चय एकट्या माणसाचा. अर्वाचीन गुजरातीचा आद्य कवी नर्मद सुरतेचा. १८३३ साली त्याचा जन्म झाला. ज्याच्या नावाने येथील विद्यापीठ आज ओळखले जाते, तोच हा. २३ नोव्हेंबर १८५८ रोजी त्याने मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडली आणि यापुढे लेखणीच्याच आश्रयाने जगायचे असे ठरवले. दारिद्र्य आले, कर्ज झाले, तरी चोवीस वर्षे त्याने ते व्रत निभावले. अखेर १८८२ साली परिस्थितीने नाइलाज होऊन त्याला नोकरी पत्करावी लागली, आणि त्याचे दुःख त्याला मरेपर्यंत राहिले. व्रत मोडले म्हणून नर्मदला हसावे, असे मला कधी वाटले नाही. मोडल्याचा दिवस ज्याला आठवतो, त्याने चोवीस वर्षे ते खरोखर पाळलेले असते. आपल्यापैकी कितीजणांना शाळेतली प्रतिज्ञा कोणत्या दिवशी मोडली ते सांगता येईल?

तिसरा निश्चय बारडोलीचा. सुरतेपासून तासाभराच्या वाटेवरचा हा तालुका. सरकारने तेथील शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. शेतकरी वल्लभभाई पटेलांकडे गेले. वल्लभभाईंनी त्यांना तिथल्या तिथे हात वर करायला लावले नाही. जमिनी जप्त होतील, गुरे ओढून नेतील, हे सर्व स्पष्ट सांगून त्यांनी विचारासाठी सवड दिली. मग १२ फेब्रुवारी १९२८ रोजी बारडोलीच्या सभेत निश्चय झाला. हिंदूंनी प्रभूची आणि मुसलमानांनी खुदाची साक्ष ठेवली. निश्चयाचे शब्द मोघम नव्हते : सरकार जुना सारा पुरता म्हणून स्वीकारीत नाही किंवा निःपक्षपाती चौकशी नेमत नाही, तोवर वाढीव सारा भरायचा नाही. जप्त्या झाल्या, जमिनींचे लिलाव झाले, घराघराला आतून कड्या लागल्या. पण तालुका बधला नाही. ऑगस्टमध्ये तडजोड झाली, चौकशी नेमली गेली आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली.

या तीन कथांतून मी तीन गोष्टी उचलतो. प्रतिज्ञा उजेडात असावी. ती मोडली तर मोडल्याची नोंद मनात राहावी. आणि काय करायचे, कोठवर करायचे, त्याची किंमत काय, हे आधी समजून घेऊन ती करावी.

४

आता वाहनाकडे येतो. आपल्या देशात मोटारीसाठी अखिल भारतीय कायदा प्रथम १९१४ साली झाला. त्यानंतर १९३९चा कायदा आला. सध्याचा १९८८चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे आपण नियम लिहीत आलो आहोत. नियमांची उणीव नाही.

पण नियमांमागे माणसे असतात, हे आपण विसरतो. डोक्यावरच्या हेल्मेटचीच गोष्ट घ्या. पहिल्या महायुद्धात गाजलेले ‘अरबस्तानचे लॉरेन्स’ १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून जात होते. वाटेत सायकलवरची दोन मुले आली. त्यांना वाचवण्यासाठी लॉरेन्स यांनी गाडी वळवली, ते फेकले गेले आणि डोक्याच्या दुखापतीने सहाव्या दिवशी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. तो मृत्यू केर्न्स यांच्या मनातून गेला नाही. त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते, असे पुढच्या संशोधनांच्या एकत्रित आढाव्यात आढळले. आणि आपल्याकडे २०२२ साली हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले. त्यांत चौदा हजारांवर मागे बसलेले होते. मागे बसलेल्यांत कुणाची आई असेल, कुणाचे मूल.

वेगाचे गणित तर शाळेतल्या मुलालाही येईल. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ताशी ६० म्हणजे जवळजवळ १७ मीटर. मोबाइलच्या पडद्याकडे तीन सेकंद पाहिले, तर तेवढ्यात गाडी पन्नास मीटर आंधळी धावते. वेग दीडपट झाला की ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतर सव्वादोनपट होते. महाराष्ट्रातल्या घाटरस्त्यांवर ‘अति घाई, संकटात नेई’ ही पाटी आपण सर्वांनी वाचली आहे. पण पाटी वाचताना आपल्या मनात असते ते पुढच्या ट्रकवाल्याचे चित्र. घाई करणारा नेहमी दुसराच असतो.

५

नियम आणि निश्चय यांचे नाते काय, हे समजण्यासाठी सुरतेइतके चांगले उदाहरण नाही. सप्टेंबर १९९४ मधली प्लेगची साथ माझ्या वयाच्या लोकांना विसरता येणार नाही. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. खानदेशकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी कचेरीऐवजी गल्लीत उभे केले, दुकानदारांना कचरापेटी ठेवायला लावली आणि न ठेवणाऱ्यांकडून दंड वसूल केला. १९९६ साली एका सर्वेक्षणात सुरत देशातले दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरबरोबर पहिला क्रमांक सुरतेला मिळाला.

आयुक्त आले आणि बदलून गेले. मधल्या इतक्या वर्षांत प्रत्येक गल्लीत रोज दंड घेणारा माणूस उभा नव्हता. शहर स्वच्छ राहिले, कारण दंडाने जे सुरू झाले ते लोकांनी आपले मानले. दंड हा उंबरठ्यापर्यंत आणून सोडणारा वाटाड्या आहे. घरात पाऊल आपले आपणच टाकायचे असते.

हेल्मेटच्या बाबतीत आपण आज त्या उंबरठ्यावर आहोत. डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने शहरी हद्दीत हेल्मेटची सक्ती शिथिल केली होती. ती सवलत टिकली नाही. १५ फेब्रुवारी २०२५ पासून सुरत शहर पोलिसांनी ही सक्ती काटेकोरपणे अमलात आणली आणि मुख्य चौकांतले चित्र पाहता पाहता पालटले. मला त्याचा आनंद आहे. पण चौक ओलांडताच हेल्मेट काढून कोपरावर अडकवणारे तरुणही मी पाहतो. कोपर फुटले तर सांधता येते, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही! त्यांनी हेल्मेट घातले होते ते पोलिसासाठी. स्वतःच्या डोक्याशी त्यांचा अजून काही करार झालेला नाही.

६

आपण सारे येथे बहुतेक खानदेशातून आलेल्या कुटुंबांतले. धुळे, जळगाव, नंदुरबारहून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आपले वाडवडील येथे आले आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा येथे त्यांनी संसार थाटले. म्हणून सर्वसाधारण उपदेश न करता, आपल्याच वस्तीतली तीन स्थळे आणि तीन वेळा सांगतो.

पहिली वेळ सकाळी सातची. यंत्रमागाच्या कारखान्यांत बारा तासांची पाळी असते. रात्रपाळी सुटते सकाळी सातला, आणि सकाळच्या शाळा भरायची वेळही तीच. रात्रभर मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला बाप पेंगुळलेल्या डोळ्यांनी मोटारसायकल चालवीत घरी निघतो, आणि त्याच रस्त्याने त्याचेच मूल दप्तर घेऊन शाळेकडे निघालेले असते. त्या बापाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्याला एवढेच विनवतो, की कारखान्याच्या दारात तोंडावर पाणी मारून, चहा घेऊन दहा मिनिटे बसा. झोप अनावर असेल तर त्या दिवशी गाडी तिथेच राहू द्या.

दुसरी वेळ दहावीच्या निकालाची. मुलाने चांगले गुण मिळवले की बक्षीस म्हणून त्याच्या हाती स्कूटरची किल्ली दिली जाते. ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी कायद्याने १६ वर्षे आणि त्यावरील वाहनासाठी १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आपल्या घरातली स्कूटर शंभर सीसीच्या वरची असते. २०१९च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण कैदेची भीती मी दाखवत नाही. ज्या हाताने आपण मुलाला अक्षर गिरवायला शिकवले, त्याच हाताने किल्ली देताना दोन वर्षे थांबलो, तर काय बिघडते?

तिसरी वेळ लग्नसराईची आणि दिवाळीची. सोनगड, नवापूर ओलांडून कोंडाईबारीचा घाट चढत गावाकडे जाणारा रस्ता आपल्या सर्वांच्या ओळखीचा. बायको मागे, मध्ये एक मूल, पुढे टाकीवर दुसरे, आणि हँडलला पिशव्या, अशा थाटात रात्रभर प्रवास करून सकाळी हळदीला पोहोचायचे. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट असावे, असे कायदा म्हणतो; पण मुळात दुचाकीवर चालकामागे एकालाच बसायची मुभा आहे. रेल्वेने आणि एसटीने आपली मुले सुखरूप गावी पोहोचतात. हळद एक तास उशिरा लागली तरी लग्न लागते.

आणि वेळ नसलेली एक गोष्ट. रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर थांबा. अपघात करणाऱ्या चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहेच. मदत करणाऱ्या तिऱ्हाइताला पोलिसांचा जाच होऊ नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी आदेश दिला आणि २०१९ साली ते संरक्षण कायद्यातही आले. ‘नसती लफडी कशाला’ हे वाक्य आता आपल्या शब्दकोशातून काढून टाकायला हरकत नाही.

७

इतके सांगून मी खाली बसलो असतो, तर ते भाषण ठीक झाले असते. पण प्रामाणिक झाले नसते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरची दिवेलागण होती. मी स्कूटरवरून घरी येत होतो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती खळे दिसे, आणि हे मला सहा महिने ठाऊक होते. डॉक्टरांकडे गेलो नव्हतो. शस्त्रक्रियेची भीती नव्हती. ‘आता सर स्कूटर चालवत नाहीत’ असे लोक म्हणतील, याची होती. एका शाळेची शिकवणी सुटली होती. उभ्या रिक्षांच्या मधून एक मुलगी बाहेर आली. मला ती दिसली नाही. हँडलचा धक्का लागून ती पडली. दैव बलवत्तर म्हणून कोपर आणि गुडघा खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मी तिला उचलले, दवाखान्यात नेले, तिच्या आईवडिलांची क्षमा मागितली. पण रस्त्यावरून उठताना ती मुलगी पहिल्यांदा काय बोलली ते सांगतो. ती म्हणाली, ‘आजोबा, चुकले माझे.’

तिचे काहीच चुकले नव्हते. चुकले होते ते माझे, आणि तेही त्या संध्याकाळी नव्हे. त्याआधीचे सहा महिने मी रोज चुकत होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. फाटकापासून पन्नास पावले आधी सायकलवरून उतरणारे गुरुजी डोळ्यांपुढून हलेनात. त्यांची नजर तर माझ्यापेक्षा धडधाकट होती.

दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर संकल्प लिहिला. देशकालासह लिहिला : तापीतीरी, सुरत शहरी, अमुक तारखेस, माझे पूर्ण नाव. खाली चार कलमे होती. डोळ्यांची तपासणी होऊन डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय वाहन चालवणार नाही. दिवे लागल्यानंतर कधीच चालवणार नाही. गल्लीच्या तोंडाशी जायचे असले तरी हेल्मेट घालीन. शाळेचे फाटक दिसले की उतरून चालेन. साक्षीदार म्हणून नातीची सही घेतली आणि कागद जोड्यांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला, म्हणजे बाहेर पडताना तो दिसावाच.

तो संकल्प मी एकदा मोडला. शस्त्रक्रिया होऊन दृष्टी स्वच्छ झाल्यानंतर एका सकाळी दुधाला जाताना हेल्मेट घातले नाही. परत आलो तेव्हा नातीने कागदावर पेन्सिलने तारीख घातलेली होती. ती तारीख मी पुसली नाही. नर्मदची चोवीस वर्षे आणि माझी एक सकाळ यांची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण मोडल्याचा दिवस लिहिलेला असला की पुढचा दिवस सांभाळला जातो, हे मी अनुभवाने सांगतो. पंच्याहत्तरी पूर्ण झाल्यावर मी स्कूटरची किल्ली मुलाच्या हाती दिली. लोक म्हणतील ते म्हणोत, असे वाटायला मला एवढे वय लागले.

तात्पर्य, विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या जानेवारीत तुम्हांला हात पुढे करायला सांगतील, तेव्हा जरूर करा. पण घरी गेल्यावर एक कागद घ्या. त्यावर स्वतःचे नाव, तारीख आणि तुमच्या रोजच्या रस्त्यातली एक जागा लिहा : एखादा चौक, एखादे वळण, एखादे फाटक. तेथे मी काय करीन, ते एका वाक्यात लिहा. घरातल्या एका माणसाची सही घ्या. ज्यांच्या हाती अजून वाहन नाही त्यांनी आईवडिलांचा कागद लिहून घ्यावा आणि साक्षीदार स्वतः व्हावे. बारडोलीच्या शेतकऱ्यांना विचारासाठी सवड मिळाली होती. तुम्हीही हवे तर आठवडाभर घ्या.

आणि शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. आज सभा संपल्यावर आपण आपापली वाहने घेऊन या फाटकातून बाहेर पडाल, तेव्हा मुलांची गर्दी असेल. गुरुजींचे स्मारक म्हणून संस्थेने हे व्याख्यान सुरू केले, पुस्तिका छापली, हे योग्यच झाले. पण त्यांचे आणखी एक स्मारक बिनखर्चाचे आहे. फाटकापासून पन्नास पावले वाहन बंद ठेवून हाताने ढकलीत न्यावे. त्यांच्या त्या एका वाक्याचे निगमन तेथे, रोज, आपल्या पायांनी व्हावे.